पाहुणे येतात, पण थांबत नाहीत

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या गावातल्या लोकांचे स्टेटस बघण्यासारखे असतात. कुणी गोव्यात, कुणी मनालीत, कुणी उज्जैन-ओंकारेश्वर करून आलेलं. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईत चांगल्या नोकरीला आहेत ते तर दुबई, थायलंड, बालीपर्यंत पोचले. चांगलं आहे. माणसानं फिरावं. आपल्या आधीच्या पिढीचा प्रवास म्हणजे पंढरपूर, तिरुपती, शेगाव आणि लग्नाची वऱ्हाडं. तिथून आपण इथवर आलो याचा आनंदच आहे. त्यामुळे "परदेशात कशाला पैसे घालवता" असं सांगणारी ही पोस्ट नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न वेगळा आहे. देऊळगाव राजातल्या कुणालाही विचारा, "तुमची आवडती पाच ठिकाणं सांगा." त्या पाचांत सिंदखेड राजा येतं का? लोणार येतं का? मेहुणा राजा आपल्याच तालुक्यात आहे, पण फिरायला जायचं ठिकाण म्हणून त्याचं नाव कुणाच्या तोंडी येतं का?

येत नाही. आणि यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: "लोकांना आपल्या इतिहासाची किंमतच नाही." भाषणात हे वाक्य टाळ्या घेतं. मला ते पटत नाही. लोकांना किंमत आहे. १२ जानेवारीला सिंदखेड राजात जी गर्दी लोटते ती बघितलेला माणूस असं म्हणूच शकत नाही. पण १३ जानेवारीला त्याच गावात काय असतं? शांतता. म्हणजे लोक यायला तयार आहेत, थांबायला कारण नाही. जागा कितीही मोठी असली तरी तिथं घरच्या माणसांना घेऊन दिवसभर राहता आलं नाही, तर ती जागा वंदनीय होते, आवडती होत नाही. आपल्याकडे जागा आहेत. कमी आहे ती पाहुणचाराची.

■ जे आवडतं ते का आवडतं?

आपल्या लोकांच्या आवडत्या यादीतलीच नावं घेऊ.

इंदूर. इथून आपण कशाला जातो? राजवाडा बघायला अर्धा तास पुरतो. खरी मजा सराफ्यातली आणि छप्पन दुकानातली. रात्री उशिरा बायका-लेकरांना घेऊन बाजारात फिरता येतं, खाता येतं आणि पायाखाली घाण नसते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं या शहराचा पहिला नंबर येतोय. स्वच्छता हीच त्या शहराची ओळख झाली. भुट्ट्याचा कीस आणि पोहे आपल्याकडेही करता येतात हो, पण ते खाल्ल्यावर कागदी प्लेट टाकायला डबा सापडला पाहिजे.

उज्जैन. महाकालेश्वर काही आजचा नाही, ते ज्योतिर्लिंग आहे. तरी २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक सुरू झालं आणि आपल्या गावातून उज्जैनला जाणाऱ्या गाड्या वाढल्यासारख्या दिसतात. देव तोच. बदललं काय? चालायला जागा झाली, संध्याकाळी थांबावंसं वाटेल असा परिसर झाला, कथा सांगणारी शिल्पं आली.

थायलंड. समुद्र आणि देवळं आपल्याकडेही आहेत. पण नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी भारतीयांना व्हिसाशिवाय यायला मुभा दिली. पाहुण्याला दारात अडवायचं नाही, हे एका देशानं धोरण म्हणून ठरवलं. दुबईचं तर काय सांगायचं. मूळचं वाळवंट आणि समुद्राकाठचं व्यापारी बंदर. तिथली उंच इमारत आपण बघून येतो ती २०१० साली खुली झालेली आहे. म्हणजे आपल्या गावातल्या कित्येक पानटपऱ्या तिच्याहून जुन्या आहेत!

आणि आता घरचं उदाहरण. शेगाव. आपलाच जिल्हा, आपलीच माणसं, आपलाच उन्हाळा. गजानन महाराज संस्थानात जाऊन आलेला माणूस दर्शनाइतकंच कशाबद्दल बोलतो? स्वच्छतेबद्दल. रांगेच्या शिस्तीबद्दल. सेवेकऱ्यांच्या वागण्याबद्दल, "माउली" म्हणून हाक मारण्याबद्दल. भक्तनिवासात परवडणारी खोली मिळते आणि शौचालयात नाक धरावं लागत नाही याबद्दल. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला पाहुणचार येत नाही असं कुणी म्हणू नये. येतो. शेगावात रोज दिसतो. मग तो शेगावच्या बाहेर का निघत नाही?

■ आपल्या अंगणात काय काय आहे

सिंदखेड राजा. आपल्यापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण त्या गावात राजवाड्याशिवाय काय आहे, हे विचारलं की बहुतेकांची गाडी अडते.

लखुजीराजांची समाधी बघितली का? १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजीराजे, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांची हत्या झाली. एका दिवसात घरातल्या तीन पिढ्यांवर घाव. जिजाऊंचं माहेर असं उजाडलं आणि पुढच्याच वर्षी, १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. या दोन तारखा शेजारी ठेवून कुणी आपल्या पोरांना सांगितल्या, तर स्वराज्याची गोष्ट कुठून सुरू होते ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ती समाधी आजही भक्कम उभी आहे. तिच्यासमोर उभं राहून ही गोष्ट सांगणारा माणूस मात्र सहज सापडत नाही.

याच समाधीच्या परिसरात २०२४ च्या जून महिन्यात पुरातत्त्व विभागाला संवर्धनाच्या कामात उत्खनन करताना आधी एका शिवमंदिराचा पाया लागला आणि मग शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती मिळाली. साडेपाच फुटांच्या आसपास लांबी, अखंड दगडात कोरलेली. देशभरच्या पेपरात बातमी आली. चार दिवस रीघ लागली. मग पुन्हा सामसूम.

शिवाय मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, पुतळा बारव आहे, नीळकंठेश्वर आणि रामेश्वराची मंदिरं आहेत, रंगमहाल आहे, काळा कोट आहे. चारशे वर्षांपूर्वी या दुष्काळी भागात पाणी कसं अडवायचं, साठवायचं आणि वापरायचं हे जाधवरावांच्या काळातल्या माणसांना कळत होतं. आज एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या पोरांना तरी मोती तलावाची भिंत दाखवली पाहिजे.

लोणार. इथून निघालं की दीड-दोन तासांत पोचता येतं. उल्का आदळून झालेलं विवर, व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या घरात. बसाल्टच्या काळ्या दगडात झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर जगात दुर्मीळ आहे. चंद्राचा बराच भाग असल्याच दगडाचा, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. पाणी खारं आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, ते पाणी गुलाबी झालं आणि जगभरच्या माध्यमांत लोणार झळकलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली.

विवर किती जुनं? आधी पन्नास-बावन्न हजार वर्षं म्हणायचे. नंतरच्या संशोधनात हा आकडा साडेपाच लाख वर्षांच्या पुढं गेला. विवराच्या काठी गोमुखाची धार, गावात कोरीव कामानं भरलेलं दैत्यसूदनाचं मंदिर, खाली पाण्याजवळ कमळजा देवी. एकाच जागी आकाशातून पडलेला दगड आणि माणसानं घडवलेला दगड, दोन्ही बघायला मिळतात.

मेहुणा राजा. संत चोखोबांचं जन्मगाव, आपल्या तालुक्यातलं. पंढरपूरला गेल्यावर नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीला आपण हात लावतो, डोकं टेकवतो. ज्या माणसाला देवळाच्या आत जाऊ दिलं नाही, त्याची समाधी आज देवळाच्या दारात आहे. चोखोबा, सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळं कुटुंब अभंग रचणारं. चौदाव्या शतकातलं असं दुसरं घर दाखवा मला. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आपण संत चोखा सागर म्हणतो. नाव दिलं, पण चोखोबा कोण होते ते सांगणारी नीट जागा उभी केली का?

आणि आपलं देऊळगाव राजा. बालाजी महाराज. आश्विनात यात्रा भरते, बाहेरगावचे भाविक येतात, नवस फेडतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसून निघून जातात. एक रात्र काढणारे किती? थांबले तर त्यांना दुसऱ्या दिवशी काय दाखवायचं, हे आपण कधी ठरवलंच नाही.

■ विवर म्हटलं की जग काय करतं

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एक उल्काविवर आहे. व्यास १.२ किलोमीटर, म्हणजे लोणारपेक्षा लहान. ते एका कुटुंबाच्या मालकीचं आहे. तिथं काठावर दालन आहे, दुर्बिणी आहेत, माहिती सांगणारे आहेत, तिकीट आहे. अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांना तिथं सरावासाठी नेलं होतं, ही गोष्ट ते आजही प्रत्येक पर्यटकाला सांगतात.

त्याहून जवळचं वाटेल असं उदाहरण जर्मनीतलं. नोर्डलिंगेन नावाचं एक गाव आहे. लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या देऊळगाव राजापेक्षा लहानच. हे गाव उल्का पडून तयार झालेल्या सुमारे २४ किलोमीटर रुंद विवराच्या आत वसलेलं आहे. उल्का पडली दीड कोटी वर्षांपूर्वी, पण लोक त्याला ज्वालामुखी समजत होते. १९६० मध्ये शास्त्रज्ञांनी तिथला दगड तपासून सांगितलं की हे उल्केचं काम आहे. त्यांच्या चर्चचा उंच मनोरा त्याच आघातातून तयार झालेल्या दगडाचा आहे. १९७० मध्ये अपोलोचे अंतराळवीर तिथं दगड ओळखायला शिकले.

पुढं त्या गावानं काय केलं ते बघा. १९९० मध्ये विवराचं संग्रहालय उघडलं. जुनी तटबंदी सांभाळली, तिच्यावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते. २०२२ मध्ये तो सगळा परिसर युनेस्कोचा जागतिक भू-उद्यान झाला. त्यांनी नवीन काही बांधून चमत्कार केला नाही. जे होतं ते नीट ठेवलं आणि नीट सांगितलं.

जर्मनीकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठं, असं कुणी म्हणेल. मान्य. पण फलक लिहायला, झाडाखाली बाक टाकायला आणि गावातल्या दहा पोरांना माहिती शिकवायला जर्मनीचा पैसा लागत नाही.

■ समृद्धी आली, पण कुणासाठी?

आता आपल्या दारातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. मुंबईचा माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या आत आपल्याकडे येऊ शकतो. जालन्याहून मुंबईला वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली. खामगाव-जालना रेल्वेची मागणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

रस्ता आला म्हणजे पाहुणा आला, असं होत नाही. रस्ता माणसाला आणतो तसा पुढं घेऊनही जातो. पूर्वी जुन्या नागपूर-मुंबई रोडनं गाड्या गावातून जायच्या. ड्रायव्हर चहाला थांबायचा, कुणी केळी घ्यायचं, कुणी टायरचं पंक्चर काढायचं. आता गाडी १२० च्या वेगानं वरून जाते. उतरायचं असेल तर ठरवून उतरावं लागतं, आणि ठरवण्यासाठी कारण लागतं.

१ जुलै २०२३ ची पहाट आपण विसरू शकत नाही. सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटली, २५ जीव गेले. त्या दिवशी देशभरच्या चॅनेलवर सिंदखेड राजाचं नाव दिसत होतं. जिजाऊंच्या गावाचं नाव देशाला अशा बातमीनं कळावं, याचं वाईट वाटत राहतं. या गावाची ओळख जगाला कशामुळे व्हावी, हे आपण ठरवायला हवं.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, थेट तामिळनाडूतला जिंजी. अभिमानाची गोष्ट. ते किल्ले बघायला आता जगभरातून माणसं येतील. शिवनेरीवर बाळंत झालेल्या आईचं माहेर कुठलं, हा प्रश्न त्यातल्या काहींना तरी पडेल. त्यांना पत्ता आपला द्यायचा आहे. ते आल्यावर आपण तयार असू का?

■ मग नेमकं काय पाहिजे?

मोठे आराखडे जाहीर होतात, भूमिपूजनं होतात, १२ जानेवारीला व्यासपीठावरून आकडे सांगितले जातात. ते व्हावेत. पण मोठं होईपर्यंत लहान करायला कुणी अडवलंय का? माझी यादी लहान आहे.

१) शौचालय आणि पिण्याचं पाणी. सगळ्यात आधी हे. घरातली बाई जिथं निर्धास्त जाऊ शकत नाही, तिथं कुटुंब दोन तासांवर थांबत नाही. स्वच्छतागृह बांधून कुलूप लावायचं नाही, ते चालवायचं. बचत गटांना चालवायला द्या, पाच रुपये घ्या, लोक आनंदानं देतील.

२) सांगणारी माणसं. सिंदखेड राजा, लोणार, मेहुणा राजा इथल्या वीस-पंचवीस पोरा-पोरींना इतिहासाच्या आणि भूगोलाच्या प्राध्यापकांकडून महिनाभर शिकवून घ्या. ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. बी.ए. झालेली, स्पर्धा परीक्षेच्या नादात वय वाढलेली कितीतरी पोरं आपल्याकडे बसून आहेत. गोष्ट चांगली सांगितली तर पाहुणा तासभर जास्त थांबतो. तो तासच एका हॉटेलवाल्याचं जेवण विकतो.

३) एसटीची एक गाडी. सकाळी जालना रेल्वे स्टेशनवरून निघावी, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर दाखवून संध्याकाळी परत यावी. शनिवार-रविवार तरी. मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती आहे, १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली, ती एकदा तरी बघावी अशीच आहे. चारचाकी नसलेल्या माणसालाही आपला जिल्हा बघता आला पाहिजे.

४) फलक. नुसतं "संरक्षित स्मारक, नुकसान केल्यास दंड" असं नाही. ही वास्तू कुणी बांधली, कशासाठी, काय बघायचं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. वाचता येईल एवढ्या अक्षरात.

५) सापडलेलं जपून दाखवा. सिंदखेड राजाच्या मातीत मिळालेलं शिल्प सिंदखेड राजातच लोकांना बघता यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शास्त्रशुद्ध संग्रहालय झालं तर शाळांच्या सहली आपोआप येतील.

६) मुक्काम. लोणारला एमटीडीसीचं निवासस्थान आहे. बाकी ठिकाणी काय? राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. आपल्याकडच्या शेडनेटमधलं बीजोत्पादन शहरातल्या पोरांनी कधी बघितलेलं नसतं. हिवाळ्यात हुरडा, ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत. दोन खोल्या, स्वच्छ बाथरूम आणि घरचं जेवण एवढ्यावर शेतकऱ्याला जोडधंदा होऊ शकतो. कापूस-सोयाबीनच्या भावानं मेटाकुटीला आलेल्या घरात महिन्याला चार पाहुणे आले तरी किराणा निघतो.

■ पण जत्रा नको

एक सांगणं गरजेचं आहे. पर्यटन म्हटलं की आपल्याकडे लगेच सिमेंट ओतायला सुरुवात होते. लोणारला तसं चालणार नाही. ते अभयारण्य आहे, पाणथळ आहे, तिथले सूक्ष्म जीव जगात मोजक्या ठिकाणी सापडतात. गावाचं सांडपाणी, प्लास्टिक, निर्माल्य त्यात गेलं तर जे बघायला लोक येतात तेच संपेल. लाखो वर्षं टिकलेलं विवर आपण एका पिढीत खराब करायचं का? तिथं गाड्या दूर थांबाव्यात, माणसं मोजून आत जावीत, आरडाओरड नसावी.

सिंदखेड राजातही जुन्या वास्तूला नवा रंग फासणं म्हणजे विकास नव्हे. चुन्याच्या जागी सिमेंट आलं की जुनी भिंत श्वास घेत नाही, ओल आत धरते, फुगते आणि पडते. हे काम जाणकारांकडूनच झालं पाहिजे, भले उशीर होवो.

आणि गर्दी एका दिवसाची नको, वर्षभराची हवी. १२ जानेवारीला लाखो लोक आले आणि उरलेले दिवस गाव रिकामं, यात चहावाल्याचंही पोट भरत नाही. रोज दोनशे माणसं आली तर रोजगार उभा राहतो.

■ सुरुवात आपल्यापासून

सरकारनं काय करावं ते सांगितलं. आता आपण काय करायचं.

येत्या सुट्टीत पुण्याहून, मुंबईहून, सुरतहून पाहुणे आले की त्यांना मॉलसाठी छत्रपती संभाजीनगरला नेऊ नका. दोन दिवसांचा बेत सांगतो.

पहिला दिवस: सकाळी बालाजी महाराजांचं दर्शन. नाश्ता करून सिंदखेड राजा. राजवाडा, मग लखुजीराजांची समाधी, मग पुतळा बारव, उन्हं उतरल्यावर मोती तलाव. घाई करू नका, एका जागेला अर्धा तास द्या. संध्याकाळी लोणारला मुक्काम.

दुसरा दिवस: सूर्योदयाला विवराच्या काठावर उभे राहा. उतरायचं तर सकाळीच, पायात बूट, सोबत पाणी, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं काठावरच. दुपारी खाली जायचा नाद करू नका, चढताना दम निघतो. मग गोमुख, दैत्यसूदन. परतताना मेहकर, नाहीतर वाट वाकडी करून मेहुणा राजा. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

मुख्याध्यापक मंडळींना एक विनंती. सहली वॉटर पार्कला जरूर न्या, पोरांना मजा पाहिजेच. पण आपल्या तालुक्यातलं एकही पोर दहावी होईपर्यंत सिंदखेड राजा आणि लोणार बघितल्याशिवाय राहू नये, एवढं ठरवा. पंधरा किलोमीटरला खर्च किती येतो?

आणि जाल तेव्हा कचरा पिशवीत घालून परत आणा. भिंतीवर नाव कोरू नका. भाऊ, तुझं आणि तिचं नाव चारशे वर्षांच्या दगडावर लिहिल्यानं लग्न जमत नसतं.

परदेशातून आलेला माणूस विचारतो, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?" आपण सवयीनं म्हणतो, "आमच्याकडे काही नाही हो, अजिंठा-वेरूळ बघा." अजिंठा-वेरूळ बघावंच, १९८३ पासून जागतिक वारसा आहे ते. पण "आमच्याकडे काही नाही" हे वाक्य आता बंद करू. जे गाव स्वतःच म्हणतं की बघायला काही नाही, तिथं कुणी कशाला थांबेल?

आमदार, खासदार, नगराध्यक्ष, नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, सगळे ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. पुढच्या भाषणात शेकडो कोटींचा आकडा सांगण्याआधी एक साधी गोष्ट सांगा: सिंदखेड राजात वर्षभर रोज उघडं आणि स्वच्छ राहील असं महिलांचं पहिलं स्वच्छतागृह कोणत्या तारखेला सुरू होणार? तारीख सांगा, आम्ही बातमी लावू. सुरू झालं तर पहिल्या पानावर लावू. नाही झालं तरी लावू.

मंडळी, तुम्ही कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा. एक, तुमची देशातली किंवा परदेशातली सगळ्यात आवडती जागा कोणती आणि तिथं नेमकं काय आवडलं. दोन, त्यातली कोणती एक गोष्ट आपल्याकडे उद्यापासून करता येईल. महागडी नको, होण्यासारखी सांगा. चांगल्या सूचना एकत्र करून निवेदन तयार करू आणि तहसील कार्यालयात नेऊन देऊ. सोबत यायची तयारी असेल त्यांनी तसंही लिहा.

#देऊळगावराजा #सिंदखेडराजा #लोणार #मेहुणाराजा #मातृतीर्थबुलढाणा